टक्के, पण कशाचे?

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जुलै महिना उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटा तक्ता छापून येतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत किती साठा झाला, याचा तो तक्ता. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. मोठी माणसं तो पाणीकपातीच्या काळजीनं वाचतात. मी पवईतल्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. मी तो कात्रीनं कापून वर्गात नेते.

एका पावसाळ्यात मी सहावीच्या वर्गाला विचारलं, "समजा, आज तुळशी तलाव शंभर टक्के भरलाय आणि भातसा फक्त दहा टक्के. तर जास्त पाणी कुठे आहे?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "तुळशीत!" शंभर दहापेक्षा मोठे, मग प्रश्नच कुठे येतो?

मी फळ्यावर दोन आकडे लिहिले. तुळशी काठोकाठ भरला, की त्यात ८,०४६ दशलक्ष लिटर पाणी मावतं. भातसात मावतं ७,१७,०३७ दशलक्ष लिटर. त्याचे दहा टक्के म्हणजे ७१,७०० च्या वर. म्हणजे दहा टक्के भरलेल्या भातसात, भरून वाहणाऱ्या तुळशीच्या जवळजवळ नऊ पट पाणी! मुंबईला रोज जेवढं पाणी पुरवलं जातं, त्या हिशेबानं भरलेला तुळशी शहराला जेमतेम दोन दिवस पुरेल. वर्ग गप्प झाला. मग एका मुलीनं विचारलं, "बाई, मग शंभर टक्के म्हणजे काहीच नाही का?"

मला तो प्रश्न फार आवडला. शंभर टक्के म्हणजे 'सगळं' हे खरंच. पण कशातलं सगळं, ते सांगितल्याशिवाय त्या सगळ्याला काही किंमत नाही. श्रोतेहो, आज मला तुमच्याशी एवढंच बोलायचंय. टक्केवारी शिकवायची म्हणजे सूत्र शिकवायचं, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा, की मूल आठ वर्षांचं असो की सोळा वर्षांचं, टक्का समोर आला की त्याला एकच प्रश्न पडायला हवा: कशाचे? फक्त वयानुसार तो प्रश्न थोडा थोडा मोठा होत जातो.

अगदी लहानांपासून सुरुवात करू. तिसरी-चौथीच्या मुलांना शाळा टक्केवारी शिकवत नाही आणि शिकवूही नये. पण आजच्या मुलाला टक्का हा शब्द शाळेच्या आधीच भेटलेला असतो, तो मोबाइलच्या बॅटरीत. "आई, वीस टक्केच उरलेत, चार्जर दे," हे वाक्य पाच वर्षांचं मूलही बोलतं. तिथंच त्याला विचारावं, "आईच्या फोनमध्ये पन्नास टक्के आहेत आणि बाबांच्या जुन्या फोनमध्येही पन्नास. मग दोन्ही फोन सारखाच वेळ चालतील का?" मूल लगेच सांगतं, "नाही, बाबांचा लवकर बंद पडतो." त्याला ठाऊक असतं. आपण फक्त त्या ठाऊक असण्याकडे त्याचं लक्ष वेधायचं.

या वयात मी वर्गात भाकरी आणि पुरी नेते. अर्धी भाकरी आणि अर्धी पुरी समोर ठेवायची. दोन्ही 'अर्धी'. पण भूक लागल्यावर कुठली उचलाल? मुलं हसतात, आणि अर्धं म्हणजे कशाचं अर्धं, हे त्यांच्या पोटातून डोक्यात जातं. आपल्या आजी-आजोबांकडे यासाठी आणे होते. सोळा आणे म्हणजे पूर्ण, आठ आणे म्हणजे निम्मं, बारा आणे म्हणजे पाऊण. २०११ साली पंचवीस पैशांचं नाणंही चलनातून गेलं, आणि 'चार आणे' म्हणजे पाव हे मुलांच्या कानावरून गेलं. शेतकऱ्याच्या घरी मात्र पिकाची आणेवारी, पैसेवारी हे शब्द अजून बोलले जातात. पैसेवारी म्हणजे तरी काय? पुऱ्या पिकाला शंभर पैसे मानायचं आणि यंदा किती पैसे पीक आलं ते सांगायचं. ती टक्केवारीच झाली.

पाचवी-सहावीत खरी शेकडेवारी येते. बालभारतीच्या २०१६ साली आलेल्या सहावीच्या पुस्तकात शेकडेवारीचा पाठ होता आणि त्याच्या पाठोपाठ नफा-तोटा. इथे आपण शिक्षक एक घाई करतो. पहिल्याच तासाला 'छेद शंभर करा' असं सांगून मोकळे होतो. मुलं छेद शंभर करतात, चिन्ह टाकतात, उत्तराखाली दोन रेघा ओढतात. आत काय चाललंय, याचा पत्ता नसतो.

मी आता पहिला आठवडाभर सूत्र देतच नाही. शिंप्याकडे मिळतं तसं रुंद इलॅस्टिक घेते आणि त्यावर सारख्या अंतरावर शून्यापासून शंभरपर्यंत खुणा करते. मुलं ते ताणून बाकावर लावतात. बाक लांब असेल तर जास्त ताणायचं, वही असेल तर कमी. शून्य एका टोकाला, शंभर दुसऱ्या टोकाला. मग सांगते, बाकाचे तीस टक्के दाखव, वहीचे तीस टक्के दाखव. बोट दोन्ही वेळा तिसाच्याच खुणेवर, पण बाकावरचे तीस टक्के हातभर आणि वहीवरचे वितीहूनही कमी. टक्का तोच राहिला, लांबी बदलली. हे मुलानं स्वतःच्या हातांनी ताणून पाहिलं, की मला वेगळं समजावावं लागत नाही. शंभर मण्यांची माळही अशीच उपयोगी पडते. गणित प्रत्येक मुलाला येऊ शकतं, पण त्यासाठी ते आधी हातात यावं लागतं, या विचारानं 'नवनिर्मिती' या संस्थेनं आमच्या पवईत काम केलं. पदार्थवैज्ञानिक डॉ. विवेक मोंटेरो यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. अशा साहित्यामुळे माझ्यासारख्या अनेक शिक्षकांना खडू-फळ्याच्या बाहेर बघायची सवय लागली.

आणि आमच्या घराजवळच एक मोठं साहित्य आहे, पवई तलाव. सात तलावांचा तक्ता पाहिला की आमची मुलं हमखास विचारतात, "बाई, आपला तलाव यात का नाही?" तलाव १८९०-९१च्या सुमारास बांधला तो मुंबईला पाणी द्यायलाच. पण त्याचं पाणी पिण्यायोग्य राहिलं नाही; ते उद्योगांसाठी आणि आरे वसाहतीत पिण्याखेरीज इतर कामांसाठी वापरलं जाऊ लागलं. पूर्ण भरला की त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी असतं. अन् पाण्यावर पसरलेली जलपर्णी तर सगळ्यांच्या ओळखीची.

मी तलावाचं वरून काढलेलं चित्र घेते आणि त्यावर दहा बाय दहा चौकटींचा पारदर्शक कागद ठेवते. जलपर्णीनं किती टक्के तलाव झाकलाय ते काढा, असं सांगते. समजा, जलपर्णीच्या १६ चौकटी भरल्या. निम्मा वर्ग लगेच लिहितो, सोळा टक्के. चौकटी शंभर आहेत ना! पण शंभरातल्या काही चौकटींत रस्ता आहे, काहींत इमारती, काहींत झाडं. तलावाच्या चौकटी आहेत समजा ६४. मग ६४ पैकी १६, म्हणजे पंचवीस टक्के. सोळा टक्के हे कागदाचे होते, पंचवीस टक्के तलावाचे. ही चूक मी मुलांना मुद्दाम करू देते. एकदा ती स्वतःच्या हातून झाली, की पुन्हा सहसा होत नाही.

सातवी-आठवीत टक्का बाजारात उतरतो. सूट, कमिशन, व्याज. आठवीच्या २०१८ च्या पुस्तकात 'सूट व कमिशन' आणि 'चक्रवाढव्याज' असे पाठ होते. या वयाच्या मुलांना मॉलच्या पाट्या पाठ असतात. 'पन्नास टक्के सूट, वर आणखी वीस टक्के.' किती झाली? सत्तर, असं वर्ग सांगतो. मोठी माणसंही सांगतात. पण हजार रुपयांच्या शर्टावर पन्नास टक्के गेले की राहिले पाचशे. पुढचे वीस टक्के त्या पाचशेचे, म्हणजे शंभर. शर्ट चारशेला पडला, सूट साठ टक्के. दुकानदारानं खोटं काहीच सांगितलं नाही. दुसरा टक्का कशाचा, हे फक्त मोठ्यानं सांगितलं नाही. तसंच भाव वीस टक्क्यांनी वाढला आणि मग वीस टक्क्यांनी उतरला, तर शंभराचे शंभर होत नाहीत, शहाण्णव होतात. कारण चढताना वीस टक्के शंभराचे होते आणि उतरताना एकशेवीसचे.

आता मी माझी स्वतःची एक चूक सांगते. वर्गातली नव्हे, आयुष्यातली.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात पहिला यायचा. सरळव्याजाची उदाहरणं तो तोंडी सोडवायचा. त्याची आई जवळच्या टॉवरमध्ये घरकाम करायची. त्या वर्षी सातवीची परीक्षा संपली आणि पावसाळ्याआधी घरावरचे पत्रे बदलायला वीस हजार रुपये लागणार होते. दोन वाटा होत्या. एक पतपेढी, चौदा टक्क्यांनी. पण तिथे कागद, जामीनदार, खेपा. दुसरा गल्लीतलाच एक ओळखीचा माणूस, तो म्हणाला, पाच टक्के. आईनं मुलाला विचारलं. मुलानं वही काढली. मुद्दल वीस हजार, दर पाच, मुदत एक वर्ष. व्याज एक हजार रुपये. पतपेढीचं आलं दोन हजार आठशे. तो म्हणाला, "आई, पाचवालं घे."

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो माझ्याकडे आला. "बाई, आम्ही दर महिन्याला हजार रुपये देतोय. पाच महिने झाले. तरी तो म्हणतो, वीस हजार बाकीच आहेत. असं कसं?"

त्या माणसाचे पाच टक्के महिन्याचे होते. वर्षाचे साठ. मुलानं वहीत काढलेलं हजार रुपये हे उत्तर चुकलेलं नव्हतंच. फक्त ते एका वर्षाचं नव्हतं, एका महिन्याचं होतं. वर्षभरात बारा हजार व्याज गेलं असतं आणि मुद्दल जागच्या जागी राहिलं असतं. मी आईला भेटायला बोलावलं. ती रागावली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "बाई, पोरगा गणितात पहिला येतो म्हणून त्यालाच विचारलं."

ते वाक्य मी विसरू शकलेले नाही. त्याला पैकीच्या पैकी गुण मीच दिले होते. पुढे तिनं पतपेढीचे कागद जमवले, ते कर्ज काढून हे फेडलं. तोवर सहा हजार रुपये गेले होते. ते काही परत आले नाहीत.

त्या रात्री मी जुनी पुस्तकं उघडून बसले. आपल्या मराठी गणितात व्याजाच्या उदाहरणात चार अक्षरं असतात. द.सा.द.शे. आपण सगळ्यांनी ती वाचलीत. दर साल दर शेकडा. बघा, किती शहाणपणाचे शब्द आहेत हे! दर शेकडा, म्हणजे शंभर रुपयांवर. दर साल, म्हणजे एका वर्षात. टक्का कशाचा आणि किती काळाचा, दोन्ही गोष्टी त्यात बांधलेल्या आहेत. आणि मी वर्षानुवर्षं मुलांना ती चार अक्षरं ओलांडून पुढच्या आकड्यावर उडी मारायला शिकवत होते. 'दर बरोबर पाच' असं लिहा आणि सूत्रात घाला. गल्लीतल्या त्या माणसानं तरी वेगळं काय केलं? त्यानंही 'दर साल' गाळलं होतं, 'दर महिना' सांगितलं नव्हतं आणि नुसता आकडा ठेवला होता.

आपला खानदेशाशी नातं सांगणारा भास्कराचार्य. त्याची 'लीलावती' बाराव्या शतकातली, ११५०च्या सुमाराची. तिच्यात व्याजाचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे: महिन्याला शंभरावर पाच व्याज असेल, तर सोळावर वर्षाचं व्याज किती? गंमत बघा, दर तोच, पाच! पण भास्कराचार्यानं शंभरही सांगितले आणि महिनाही सांगितला. मग महिन्याचं वर्ष करायचं काम विद्यार्थ्यावर सोपवलं. उत्तर येतं ९.६. पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याला जे विचारलं जात होतं, ते मी माझ्या विद्यार्थ्याला विचारलं नव्हतं. आता माझ्या वर्गात द.सा.द.शे. कुणी तसंच वाचत नाही. प्रत्येक वेळी पुरं वाचायचं, मोठ्यानं: दर साल, दर शेकडा. आणि उदाहरणात मुदत दिलेली नसेल, तर 'माहिती अपुरी आहे' असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण.

नववी-दहावीत मुलं शिंगं फुटायच्या वयात असतात, त्यांना लबाडी पकडायला आवडतं. त्यांच्यासाठी मी रोजच्या बातम्या घेते. दहावीच्या २०१८ च्या पुस्तकात 'अर्थनियोजन' या पाठात जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, टूथपेस्ट अशा वस्तूंवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला. मी विचारलं, वस्तू किती टक्क्यांनी स्वस्त व्हायला हवी? "तेरा!" पण आधी शंभराची वस्तू पडत होती एकशेअठराला, आता एकशेपाचला. तेरा रुपये कमी झाले, पण ते एकशेअठरामधून. म्हणजे सुमारे अकरा टक्के. मुलं घरी गेली आणि नवी-जुनी बिलं शोधू लागली.

मुंबईत आणखी एक टक्का सतत ऐकू येतो, 'मराठी टक्का'. त्यावर वाद घालायला मी वर्गात जात नाही, पण गणित मात्र करून घेते. चाळीस मुलांच्या वर्गात वीस मराठी, म्हणजे पन्नास टक्के. पुढच्या वर्षी वर्ग साठांचा झाला, मराठी चोवीस. टक्का उतरला, चाळीसवर आला. मुलं मात्र चारनं वाढली. टक्का घसरला म्हणजे माणसं घटलीच, असं नाही. आधी एकूण किती ते विचारा, मग भांडा.

आणि व्याजाचं शेवटचं गणितही याच वयात. 'बारा टक्के फ्लॅट' अशी जाहिरात तुम्ही वाचली असेल. बारा हजारांचं कर्ज, बारा हप्ते. व्याज १,४४० रुपये, हप्ता १,१२०. वरून अगदी सरळ. पण दर महिन्याला तुम्ही हजार रुपये मुद्दल परत करताय. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे बारा हजार होते, शेवटच्या महिन्यात एकच हजार. वर्षभरात सरासरी साडेसहा हजारच तुमच्या हातात होते, आणि व्याज दिलंत पूर्ण बारा हजारांवर. साडेसहा हजारांवर १,४४० म्हणजे सुमारे बावीस टक्के. दहावीचं मूल हे अर्ध्या पानात करू शकतं. एखाद्या घराला मोबाइल किंवा स्कूटर हप्त्यावर घेताना हे अर्धं पान पुरेल.

पालकांसाठीही एक गोष्ट. आमच्या भागात आयआयटीची भिंत शेजारी असल्यामुळे प्रवेश परीक्षांची चर्चा चहाच्या टपरीवरही चालते. जेईई मेन परीक्षेचा निकाल २०१९ पासून पर्सेंटाइलमध्ये लागू लागला. नव्वद पर्सेंटाइल आणि नव्वद टक्के या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नव्वद टक्के हे प्रश्नपत्रिकेतल्या गुणांचे. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर शंभरातले नव्वद जण या मुलाच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. एकात शंभर म्हणजे गुण, दुसऱ्यात शंभर म्हणजे माणसं. हे न कळल्यामुळे कितीतरी घरांत पेढे वाटले जातात आणि कितीतरी घरांत उगाच चूल थंड राहते.

तर श्रोतेहो, टक्केवारी हा सहावीचा एक पाठ आणि आठवीचे दोन पाठ, असं करून चालत नाही. सहावीला एक शिक्षक, आठवीला दुसरा, दहावीला तिसरा, आणि मध्ये दोरा कुणीच ओवत नाही. तो ओवायला घरंही मदत करू शकतात. गणित येत नसलं तरी चालेल. मूल बॅटरीचे टक्के सांगेल, दुकानाची पाटी वाचेल, निकाल घेऊन येईल, तेव्हा आपण एकच शब्द विचारायचा: कशाचे? आणि पैशांचा मामला असेल तर आणखी दोन: किती दिवसांचे?

माझ्या वर्गात आता एक खोड लागली आहे. मी बोलण्याच्या ओघात 'वीस टक्के' म्हणून पुढे गेले, की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, "कशाचे, बाई?" तासाची लय बिघडते, शेजारच्या वर्गातले सर डोकावून बघतात. मी थांबते, कशाचे ते सांगते आणि मग पुढे जाते.